‘त्रेसष्ट’ ऐकताना मेंदूत काय होतं?



2019 सालचा जून आठवा. दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात बालभारतीनं ‘त्रेसष्ट’च्या जोडीला ‘साठ तीन’ असं वाचन दिलं आणि विधानसभेपासून चाळीच्या गॅलरीपर्यंत गदारोळ उडाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचं म्हणणं साधं होतं. मूल ‘त्रेसष्ट’ ऐकतं तेव्हा आधी तीन कानावर पडतात, पण पाटीवर आधी सहा लिहावे लागतात. त्यांची टिंगल झाली, याचं मला आजही वाईट वाटतं.

हा वाद प्रयोगानं तपासता येतो. परळला केईएममध्ये रुग्णाला ज्या एमआरआय यंत्रात सरकवतात, तशाच यंत्रात गणित सोडवणारा मेंदूही पाहता येतो. रक्तातला ऑक्सिजन बदलला की चुंबकीय संकेत बदलतो, हे सेइजी ओगावा यांनी 1990मध्ये दाखवलं. मेंदूचा जो भाग कामाला लागतो, तिकडे ताज्या रक्ताचा ओघ वाढतो. तो कळसाला पोचायला पाचेक सेकंद लागतात, विचार तर त्याआधीच होऊन गेलेला असतो. म्हणून बोगद्यात डोकं न हलवता पडून, यंत्राची ठकठक ऐकत, माणसाला अनेक गणितं सोडवावी लागतात. मग गणिताच्या वेळचे संकेत आणि नुसतं पाहण्याच्या वेळचे संकेत यांची वजाबाकी करतात. चित्रातले तांबडे ठिपके म्हणजे त्या वजाबाकीतून उरलेला फरक. त्यांना विचारांचा फोटो समजू नका.

अशाच एमआरआय-प्रयोगासाठी 2003मध्ये संशोधक डेलाझर आणि सहकाऱ्यांनी प्रौढांकडून अवघड गुणाकार आठवडाभर घोकून घेतले. नवी उदाहरणं सोडवताना पार्श्वखंडातली एक खाच, इंट्रापरायटल सल्कस, अधिक राबत होती. घोकलेल्या उदाहरणांत डावीकडचा अँग्युलर गायरस पुढे आला. पावकी-दीडकी पाठ असलेली आपली आजी आकडेमोड करत नव्हती, तिला उत्तर आठवत होतं. या प्रयोगावरून मला तरी तसंच वाटतं.

आता पुन्हा ‘त्रेसष्ट’कडे येऊ. जर्मन भाषेतही आपल्यासारखं एकक आधी बोलतात. ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांच्या अंकलेखनातल्या चुकांपैकी निम्म्याच्या आसपास चुका या उलटापालटीशी निगडित निघाल्या. लक्झेंबर्गमध्ये मुलं गणित आधी जर्मनमधून शिकतात, पुढे फ्रेंचमधून. अशा शाळांतून शिकलेल्या प्रौढांना 2017च्या अभ्यासात दोन्ही भाषांत बेरजा घातल्या. अवघड बेरजा फ्रेंचमध्ये सावकाश झाल्या, जास्त चुकल्या, आणि मेंदूतले दृश्यप्रक्रियेचे भागही वेगळे कामाला लागले. आपल्याकडे मराठी शाळेतलं मूल सेमी-इंग्रजीत जातं, तेव्हा त्याचीही भाषा अशीच बदलते. त्यात आपल्याकडे ‘एकोणसत्तर’ आहे, ज्यात साठाचा उच्चारच नाही.

‘त्रेसष्ट’ टिकावं असं मला मनापासून वाटतं. पण मूल कुठे अडखळतं हे पाहायला भाषेच्या अभिमानाची अडचण होऊ नये. असा एमआरआय-अभ्यास आपल्याकडे कुणी मांडला, तर पालकांनो, मुलांना पाठवा. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात.