विडीचा दर आणि अम्मीची मजुरी

(तरुणांच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दिलेला विषय ऐकायला जरा रुक्ष आहे: सरकारी नियमांमुळे तंबाखूच्या बाजारात पुरवठा, मागणी आणि किंमत यांचं काय होतं. मी अर्थशास्त्र शिकवते, म्हणून तो माझ्या वाट्याला आला. पण या विषयाशी माझं नातं पुस्तकं हातात येण्याच्या आधीचं आहे.

मी सोलापूरची. माझ्या अम्मीने तीस वर्षं विड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात तेंदूची कापलेली पानं आणि तंबाखू, शेजारी दोऱ्याचं रीळ. हजार विड्यांमागे ठरलेली मजुरी. माल द्यायला गेली की काही विड्या खराब म्हणून बाजूला निघायच्या, त्यांचे पैसे मिळायचे नाहीत. आणि माझे मामू गुटख्यापायी तोंडाच्या कॅन्सरने गेले. एकाच घरात तंबाखूने चूल पेटवली आणि माणूसही नेला. त्यामुळे "तंबाखू सरसकट बंद करा" असं मला कधी सहज म्हणता आलं नाही. आणि "गरिबांच्या पोटाचा प्रश्न आहे, हात लावू नका" हेही म्हणता आलं नाही.

आधी मागणीचं बघू. टोमॅटो महागले की आपण चिंचेवर भागवतो. तंबाखूचं तसं नाही. सवय लागलेला माणूस दर वाढला तरी आधी दुसरा खर्च कापतो. म्हणून पुष्कळांना वाटतं की कर वाढवून काही होत नाही, खाणारा खातोच. हे अर्धंच खरं आहे. जगभरच्या अभ्यासांतून आलेला ढोबळ हिशेब असा, की आपल्यासारख्या देशांत तंबाखूची किंमत 10 टक्के वाढली तर खप साधारण 5 टक्के कमी होतो. सर्वांत जास्त फरक पडतो तो कमी पैसेवाल्यांवर आणि तरुणांवर, म्हणजे ज्यांची सवय अजून पक्की व्हायची आहे त्यांच्यावर. आणि सवय अगदीच अजिंक्य असते असंही नाही. रमजानमध्ये आपल्याच मोहल्ल्यात दिवसाला दहा पुड्या खाणारी माणसं सहेरीपासून इफ्तारपर्यंत तोंडात काही घालत नाहीत. पुडी पुन्हा निघते ती मगरिबनंतर. म्हणजे थांबता येतं. फक्त थांबायला काहीतरी भक्कम कारण लागतं. किंमत हे त्यातलं एक कारण आहे.

आता पुरवठ्याकडे येऊ. पुरवठ्यावरचा सर्वांत कडक नियम म्हणजे बंदी. महाराष्ट्रात जुलै 2012 मध्ये गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आली. अन्नपदार्थात तंबाखू किंवा निकोटीन घालता येणार नाही, असा 2011 चा अन्नसुरक्षेचा नियम आहे. गुटखाबंदीला आधार मिळाला तो त्याचा. त्यानंतर राज्यात ही बंदी पुन्हा पुन्हा वाढवली गेली. मग गुटखा संपला का? तुम्ही हसताय, म्हणजे उत्तर तुम्हाला माहीत आहे.

काय झालं ते पायरीपायरीने बघा. कारखाना आणि दुकान उघडपणे बंद झालं. पण ज्याला तलफ येते त्याची तलफ सरकारी आदेश वाचत नाही. मागणी उरली, उघड पुरवठा गेला. मग परराज्यातून माल येऊ लागला, ट्रकमध्ये दुसऱ्या मालाखाली लपवून. तो आणण्यात जोखीम आहे, आणि जोखमीचा मोबदला किमतीत चढतो. पुडी छापील किमतीपेक्षा जास्त दराने विकली जाऊ लागली. किंमत वाढली, पण कर लावल्याने जशी वाढते तशी नाही. करामुळे वाढलेला रुपया सरकारी तिजोरीत जातो आणि तिथून निदान हिशेब तरी मागता येतो. बंदीमुळे वाढलेला रुपया आणणाऱ्याच्या, साठवणाऱ्याच्या आणि डोळेझाक करणाऱ्याच्या खिशात जातो. पकडला जातो तो बहुतेक वेळा टपरीवरचा मुलगा.

बंदी अगदी निरुपयोगी ठरली असं मी म्हणणार नाही. जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात तंबाखू वापरणाऱ्या प्रौढांचं प्रमाण 2009-10 मध्ये 31.4 टक्के होतं, ते 2016-17 मध्ये 26.6 टक्क्यांवर आलं. पण त्याच काळात न ओढता खाल्ली जाणारी तंबाखू 27.6 वरून 24.4 टक्क्यांपर्यंतच उतरली. शिवाय या घसरणीत बंदीबरोबर कर, इशारे आणि जनजागृती या सगळ्यांचाच वाटा असणार. गुटखा बंद होता, साधी तंबाखू आणि चुना मात्र उघड मिळत होता. एक दार लावलं की माणसं शेजारच्या दाराने जातात. अर्थशास्त्रात याला पर्यायी वस्तू म्हणतात. माझे मामू शेवटच्या वर्षात गुटखा सोडून चुना-तंबाखूवर आले होते आणि आपण सुधारलो असं त्यांना वाटत होतं.

असाच शेजारचा दरवाजा सिगारेटच्या करात दिसतो. आपल्याकडे सिगारेटवरचा कर तिच्या लांबीनुसार ठरत आला आहे. 65 मिलिमीटरपर्यंतच्या फिल्टर सिगारेटवर कमी कर ठेवला, तेव्हा कंपन्यांनी 64 मिलिमीटरची सिगारेट बाजारात आणली. नियमाने जिथे रेघ मारली तिच्या बरोब्बर अलीकडे बाजार जाऊन उभा राहिला.

सुट्या सिगारेटचंही तेच. 2003 च्या कायद्याने 18 वर्षांखालच्या मुलांना तंबाखू विकायला मनाई आहे, शाळा-कॉलेजपासून 100 यार्डांच्या आत विक्रीला मनाई आहे. 2016 पासून पाकिटाच्या 85 टक्के भागावर इशारा आणि चित्र छापावं लागतं. पण जो मुलगा एकच सिगारेट घेतो, तो पाकीट बघतच नाही. त्याच्या खिशात पाकिटाचे पैसे नसतात, एका सिगारेटचे असतात. म्हणजे कराने वाढलेली किंमत आणि पाकिटावरचं चित्र, दोन्ही त्याला चुकवता येतात. म्हणून सप्टेंबर 2020 मध्ये महाराष्ट्राने सुटी सिगारेट आणि सुटी विडी विकायला बंदी केली. नियम योग्य होता. आता इथून घरी जाताना पहिल्या टपरीवर थांबून बघा, तो पाळला जातो का.

आता माझ्या घरच्या गोष्टीकडे, म्हणजे विडीकडे येते. विडी सिगारेटपेक्षा सौम्य असते हा गैरसमज आहे. ती तितकीच जीव घेते. पण तिच्यावरचा कर नेहमी कमी राहिला आहे. 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा सिगारेटवर 28 टक्के आणि वर उपकर लागला. विडीवर नुसते 28 टक्के. हिशेब करा: 100 रुपयांच्या मालावर 28 रुपये कर, गिऱ्हाईक देतं 128. म्हणजे त्याने दिलेल्या पैशांत कराचा वाटा जेमतेम 22 टक्के. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, हा वाटा निदान 75 टक्के असावा. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी परिषदेने तर विडीचा दर 18 टक्क्यांवर आणायचं ठरवलं आणि सिगारेट, गुटखा वगैरे 40 टक्क्यांच्या गटात टाकलं. म्हणजे विडीवर कराचा वाटा आता साधारण 15 टक्के. सिगारेट महाग आणि विडी स्वस्त झाली की गरीब माणूस तंबाखू सोडत नाही, विडीवर येतो.

विडीला ही सवलत कोणाच्या नावाने मिळते? माझ्या अम्मीच्या नावाने. सरकारी नोंदीनुसार देशात जवळपास 50 लाख विडी कामगार आहेत, त्यात बहुसंख्य बायका, घरी बसून काम करणाऱ्या. सोलापूर, सिन्नर, संगमनेर, कामठी, कुठेही जा, त्यात आपल्या खाला, फुप्पी, शेजारणी सापडतील. कर वाढला तर यांचं काम जाईल, असं दर वेळी सांगितलं जातं. ही भीती खोटी नाही. खप घटला की पहिलं काम घरी बसलेल्या बाईचंच कमी होतं. पण मी उलट प्रश्न विचारते. इतकी वर्षं कर कमी होता, त्यातला किती पैसा तिच्या हजारी मजुरीत आला? कमी कराचा फायदा झाला तो विडीच्या खपाला. अम्मीला मिळाली पाठदुखी, तंबाखूच्या धुळीचा खोकला आणि कमी दिसणारे डोळे.

तिला खरोखर काही मिळालं असेल तर ते वेगळ्या नियमातून. 1976 साली विडी कामगार कल्याण निधीचा कायदा झाला. विडीवर छोटासा उपकर लागायचा आणि तो पैसा विडी कामगारांच्या दवाखान्यांसाठी, घरांसाठी, मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी ठेवलेला असायचा. माझ्या वह्या-पुस्तकांचे पैसे त्यातून आले. आज मी तुमच्यासमोर उभी आहे त्यात विडीवरच्या कराचा हात आहे, असं म्हटलं तरी चालेल. 2017 मध्ये जीएसटी येताना तो उपकर रद्द झाला. आता या योजनांचा खर्च सरकारच्या सर्वसाधारण अंदाजपत्रकातून होतो. आधी विडी विकली गेली की तिच्या नावाचा पैसा आपोआप निघायचा, आता दरवर्षी मिळेल तेवढ्यावर भागवायचं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. विडीवरचा कर सिगारेटच्या बरोबरीला आणा. तो टप्प्याटप्प्याने आणि आधी सांगून आणा. आणि त्यातला ठरावीक हिस्सा पुन्हा विडी कामगारांच्या नावाने बाजूला काढा: मुलींच्या शिक्षणासाठी, बायकांना दुसरं काम शिकवायला, आणि ते काम लागेपर्यंतच्या मजुरीसाठी. नुसता कर वाढवला तर ओझं अम्मीवर पडेल. नुसता कमी ठेवला तर पोरं मामूंच्या वाटेने जातील.

तुमच्याकडून एक अपेक्षा आहे. तंबाखूवर नवा नियम आला की टाळ्या वाजवण्याआधी किंवा विरोध करण्याआधी तीन गोष्टी विचारा. याने मागणी कमी होणार आहे, की नुसता माल लपणार आहे? किंमत वाढली तर तो वाढीव रुपया कोणाच्या हातात पडणार आहे? आणि ज्याचं काम जाणार आहे त्याच्यासाठी त्याच आदेशात काही लिहिलं आहे का? शिबिरातून परत गेल्यावर आपल्या शाळेजवळच्या टपरीपासून सुरुवात करा. गल्लीत विड्या वळणाऱ्या बाईला विचारा, हजारामागे किती मिळतात, आणि कल्याण मंडळाचं कार्ड आहे का. तिचं नाव नोंदलेलं नसेल तर अर्ज भरून द्या. एवढं काम तुमच्यापैकी कोणालाही जमेल.

आमच्या गल्लीतल्या मुली सात-आठ वर्षांच्या झाल्या की आईशेजारी बसून दोरा गुंडाळायला शिकायच्या. मीही एकदा सुपापाशी जाऊन बसले होते. अम्मीने माझ्या हातातलं पान काढून घेतलं आणि म्हणाली, "तू उठ. तुझी वही आण." तिला मागणी-पुरवठा माहीत नव्हता. पण या धंद्यात काय मिळतं आणि काय जातं याचा हिशेब तिने केला होता.