यंत्रे आली, शिक्षणाचे काय?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)

प्रसारणाविषयी सभांतून आणि नियतकालिकांतून जी चर्चा होते ती बहुधा दोन प्रश्नांभोवती फिरते. आकाशवाणी आणि दूरदर्शन यांवर सरकारची पकड किती, हा पहिला प्रश्न. आणि खाजगी वाहिन्यांवर भांडवलाची पकड किती, हा दुसरा. दोन्ही प्रश्न मोलाचे आहेत. परंतु त्यांच्या गलबल्यात तिसरा एक प्रश्न मागे राहतो. जो माणूस प्रत्यक्ष कार्यक्रम लिहितो, बोलतो, ध्वनिमुद्रित करतो, चित्रित करतो आणि त्याचे संकलन करतो, त्याच्या हाती दर आठ-दहा वर्षांनी नवे यंत्र दिले जाते. त्या यंत्राचे शिक्षण त्याला कोण देतो, केव्हा देतो आणि कशासाठी देतो? या प्रश्नाचे उत्तर दिल्यावाचून पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे पुरी होत नाहीत. कारण ज्याला आपल्या हातातील साधन कळत नाही, तो स्वायत्त संस्थेतही दुसऱ्याच्या हुकमाचा ताबेदारच राहतो.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या वर्षी पंचविशीत नोकरीला लागलेला निर्माता या शतकाच्या पहिल्या दशकात निवृत्त झाला असेल. एवढ्या एका आयुष्यात त्याचे साधन किती वेळा पालटले ते पाहावे. आरंभी बाहेरचे चित्रण सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर होई. ती धुऊन आल्याखेरीज काय टिपले गेले ते कळत नसे. नंतर चित्रफीत आली आणि टिपलेले दृश्य जागेवरच पाहता येऊ लागले. १९८२ साली रंग आला. पुढे संकलन फितीवरून संगणकावर गेले. आज बातमीदाराच्या खिशातील दूरध्वनीच कॅमेरा, संकलनाचे टेबल आणि प्रक्षेपणाचे साधन झाला आहे. नभोवाणीतही हेच घडले. पूर्वी ध्वनिफीत पात्याने कापून चिकटपट्टीने जोडली जाई. आता आवाज पडद्यावर लाटेच्या आकृतीत दिसतो आणि बोटाच्या हालचालीने कापला जातो.

हा पालट यंत्रापुरता नसतो, विचार करण्याची रीतही त्याबरोबर पालटते. फीत कापून जोडणारा माणूस कापण्यापूर्वी तीनदा ऐकत असे, कारण चुकले तर ते निस्तरणे कष्टाचे होते. त्याच्या कानाला शेतकऱ्याच्या बोलण्यातील थांबा आणि निवेदकाचा अडखळा यांतील फरक कळत असे. पहिला राखायचा, दुसरा काढायचा. संगणकावर कापणे फुकट झाले आणि कापलेले परत जोडणेही सोपे झाले. ही सोय खरीच आहे. पण लाटेच्या आकृतीत दोन्ही थांबे एकाच सपाट रेषेसारखे दिसतात. कोणती रेषा ठेवावी हे यंत्र सांगत नाही. ते सांगणारा कान घडवावा लागतो, आणि त्यालाच शिक्षण म्हणतात.

ही जाण भारतीय प्रसारणाला पूर्वी अगदीच नव्हती असे नाही. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी दूरचित्रवाणीचा प्रायोगिक आरंभ झाला. आकाशवाणीच्या सेवेत असलेल्या पु. ल. देशपांडे यांना त्याच सुमारास या नव्या माध्यमाच्या अभ्यासासाठी लंडनला बीबीसीकडे पाठवले गेले होते. मराठी वाचकाला त्या प्रवासातून ‘अपूर्वाई’ मिळाली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यामागील धोरणाकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. माध्यम अजून बाल्यावस्थेत असताना एका लेखकाला, म्हणजे तंत्रज्ञ नसलेल्या माणसाला, त्याचे शिक्षण देणे आवश्यक मानले गेले, ही साधी गोष्ट नव्हे. १९७१ साली दिल्लीत दूरचित्रवाणीच्या प्रशिक्षणाची शाखा निघाली आणि १९७४ साली ती पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये आली. जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात चित्रपटाचे विद्यार्थी आणि दूरदर्शनचे कर्मचारी शेजारीशेजारी शिकू लागले.

तोल ढळला तो पुढे. १९८४ साली जुलै ते ऑक्टोबर या महिन्यांत देशात जवळजवळ दररोज एक नवा प्रक्षेपक उभा राहिला. हा पराक्रम अभियंत्यांचा होता आणि त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. परंतु या लघुशक्ती प्रक्षेपकांपाशी स्टुडिओ नव्हते, निर्माते नव्हते. दिल्लीचा कार्यक्रम उचलून गावात सोडणे एवढेच त्यांचे काम. प्रक्षेपकांची संख्या महिन्यांत वाढवता येते. कार्यक्रम करणारी माणसे वर्षानुवर्षांच्या शिक्षणाने तयार होतात. त्या वाढीत माणसे मागे राहिली आणि जिल्ह्याच्या भाषेत बोलू शकणारे माध्यम राजधानीचा कर्णा बनले.

हा दोष केवळ गरीब देशांचा आहे, असेही कोणी समजू नये. बीबीसीने आपले सर्व चित्रण फितीवाचून, संगणकावरच हाताळता यावे म्हणून २००८ साली एक मोठी योजना हाती घेतली. २०१३ च्या मे महिन्यात ती गुंडाळावी लागली. सुमारे ९ कोटी ८४ लाख पौंड वाया गेले. चौकशीत जे निष्पन्न झाले ते चिंतनीय आहे. संस्थेने ही योजना यंत्रणा उभारण्याचे काम म्हणून पाहिली. निर्मात्यांच्या रोजच्या कामाची पद्धत बदलण्याचे काम म्हणून पाहिली नाही. पैसा, विद्वत्ता आणि परंपरा या तिन्हींची वाण नसलेल्या संस्थेला जर हा धडा एवढ्या किमतीला घ्यावा लागला, तर निविदा काढून यंत्रे आणायची आणि विक्रेत्याच्या माणसाकडून दोन दिवसांचे प्रात्यक्षिक करून घ्यायचे, या रीतीने काय साधणार? विक्रेता कळ कोठे दाबायची ते सांगतो. ती का दाबायची आणि केव्हा दाबू नये, हे त्याच्या करारात बसत नाही.

याच्या उलट वाटेने गेलेले दोन प्रयोग कार्यकर्त्यांनी अभ्यासण्याजोगे आहेत. पहिला गुजरातमधील खेडा जिल्ह्याचा. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेच्या उपग्रहामार्फत सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांना दूरचित्रवाणी दाखवण्याचा ‘साइट’ प्रयोग झाला. त्याच सुमारास अहमदाबादच्या अंतराळ केंद्राने पीज येथील एका लहान प्रक्षेपकावरून खेडा जिल्ह्यापुरते कार्यक्रम सुरू केले. त्यांची भाषा त्या जिल्ह्याची, विषय शेतमजुरीचे, दुधाचे, अस्पृश्यतेचे. आणि त्यांच्या निर्मितीत गावकऱ्यांचा हात. निर्माते गावात जात, लोकांशी बोलत, संशोधक प्रेक्षकांचे म्हणणे परत आणून देत. निर्मात्याचे अर्धे शिक्षण स्टुडिओत झाले आणि अर्धे गावच्या चावडीवर. १९८४ साली या प्रयोगाला ग्रामीण संज्ञापनासाठी युनेस्कोचा पुरस्कार मिळाला.

दुसरा प्रयोग तेलंगणातील जुन्या मेदक जिल्ह्याचा. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या संस्थेच्या संघमांतील दलित स्त्रियांनी, ज्यांतील कित्येकींनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते, १९९० च्या दशकात व्हिडिओ कॅमेरा शिकून घेतला. पुढे २००८ साली माचनूर गावातून त्यांचे ‘संघम रेडिओ’ हे केंद्र प्रक्षेपण करू लागले. कॅमेरा शिकताना या स्त्रियांनी त्याच्या कोनांना आपली नावे दिली. वरून खाली पाहणारा कोन हा ‘पटेल शॉट’, कारण जमीनदार असा पाहतो. खालून वर पाहणारा कोन हा गुलामाचा. आणि डोळ्याला डोळा भिडवणारा कोन हा ‘संघम शॉट’, कारण संघमात सगळ्या बरोबरीने बसतात.

मित्रहो, प्रशिक्षणावरचे अहवाल वाचून जे हाती लागत नाही ते या तीन नावांत आहे. या स्त्रियांनी यंत्र आत्मसात केले ते त्याची परिभाषा पाठ करून नव्हे. कॅमेरा कोठे ठेवायचा हा सत्तेचा प्रश्न आहे हे त्यांनी ओळखले आणि यंत्राला आपल्या अनुभवाच्या भाषेत बोलायला लावले. शहरातील पदवीधराला वर्गात जे शिकवावे लागते ते त्यांना जगण्याने शिकवलेच होते. कॅमेरा हाती देऊन वेळ देणारा कोणी तेवढा हवा होता.

आता आजच्या यंत्राकडे वळावे. २६ मे २०२४ रोजी दूरदर्शनच्या किसान वाहिनीवर ‘क्रिश’ आणि ‘भूमी’ हे दोन निवेदक अवतरले. ते माणसे नाहीत. कृत्रिम बुद्धिमत्तेने घडवलेल्या त्या प्रतिमा आहेत. पन्नास भाषांत, न थकता, न थांबता ते बोलू शकतात, असे सांगण्यात आले. हवामान आणि बाजारभाव वाचून दाखवण्याला असे यंत्र उपयोगी पडणार नाही, असे कोणी म्हणणार नाही. पण १९५६ साली त्या वेळच्या मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांत, सुमारे १५० गावांत, नभोवाणीची ग्रामीण श्रोता मंडळे स्थापन झाली होती, याची येथे आठवण होते. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवीत. ‘क्रिश’ पन्नास भाषांत बोलेल. त्याला प्रश्न विचारणाऱ्या शेतकऱ्याच्या बोलण्यातील रोख ओळखून कार्यक्रम बदलणारा माणूस केंद्रात कोणी उरला आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

आणि जो उरला आहे त्याची स्थिती काय? १९९० चा प्रसार भारती कायदा १९९७ साली अंमलात आला. स्वायत्ततेचे कागद तयार झाले. परंतु कायम नेमणुका रोडावल्या आणि काम नैमित्तिक निवेदकांवर, कंत्राटी संकलकांवर येऊन पडले. खाजगी वाहिन्यांत तर कंत्राट हाच नियम. ज्याला महिन्यातून मोजक्याच पाळ्या मिळतात, त्याला प्रशिक्षणाची यादी करताना कोण विचारणार? तो स्वतःच्या खर्चाने, रात्री जागून शिकतो. आणि शिकला की एकट्याने तिघांचे काम करू लागतो. चित्रण त्यानेच करायचे, संकलन त्यानेच करायचे, मजकूरही त्यानेच लिहायचा. याला ‘बहुकौशल्य’ असे भारदस्त नाव आहे. कौशल्य वाढले तर वेतन वाढावे, हा साधा हिशेब येथे उलटा होतो आणि दोन माणसांच्या पोटावर पाय येतो.

याला उत्तर म्हणून यंत्रालाच विरोध करणे हा मार्ग नव्हे. तो कामगार चळवळीने पूर्वी काही ठिकाणी चोखाळला आणि त्यातून हाती फार थोडे लागले. अमेरिकेतील पटकथालेखकांच्या संघटनेने २०२३ साली २ मे ते २७ सप्टेंबर एवढा प्रदीर्घ संप केला. त्यांच्या मागण्यांत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रश्न होता, पण तिच्यावर बंदीची भाषा त्यांनी केली नाही. यंत्र वापरण्याची सक्ती लेखकावर करता येणार नाही, आणि यंत्राने तयार केलेला मजकूर लेखकाच्या हाती दिला तर तसे सांगावे लागेल, अशी कलमे त्यांनी करारात मिळवली. यंत्र कोणाच्या आज्ञेत चालणार हे ठरवण्याचा हक्क त्यांनी मागितला आणि काही अंशी मिळवला. हे त्यांना शक्य झाले, कारण ते यंत्र काय करते आणि काय करू शकत नाही याची जाण त्यांच्यापाशी होती. अज्ञानी माणसाला वाटाघाटीत बाजू मांडता येत नाही.

म्हणून प्रसारणातील कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी आणि त्यांच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या कार्यकर्त्यांनी शिक्षणाची मागणी वेतनाच्या मागणीइतक्याच निग्रहाने मांडली पाहिजे. नव्या यंत्राच्या खरेदीबरोबरच शिक्षणाचा खर्च मंजूर व्हावा. यंत्र आधी आणि शिक्षण सवडीने, हा क्रम थांबावा. शिकण्याचे तास कामाचे तास धरून त्यांचे वेतन मिळावे. नैमित्तिक आणि कंत्राटी कलाकर्मींना त्यात कायम नोकरांच्या बरोबरीने जागा असावी. शिकवणाऱ्यांत विक्रेत्याच्या माणसापेक्षा त्याच धंद्यात केस पांढरे केलेल्या निर्मात्यांना, ध्वनिमुद्रकांना, संकलकांना मान असावा. कारण नवे यंत्र तरुणाला लवकर येते, पण शेतकऱ्याचा थांबा कोणता आणि निवेदकाचा अडखळा कोणता हे वडीलधाऱ्यांकडूनच कळते. आणि शिक्षणाचा काही काळ तरी स्टुडिओबाहेर, ज्यांच्यासाठी कार्यक्रम करायचा त्या लोकांत काढावा.

यासाठी पैसा नाही, असे सांगण्यात येईल. यंत्रांसाठी तो सापडतो, हे सर्वांनी पाहिले आहे. जुन्या माणसांना नवे शिकता येत नाही, असेही म्हटले जाईल. त्याचे उत्तर माचनूरच्या स्त्रियांनी कधीच देऊन ठेवले आहे. प्रसारण लोकांचे व्हावे अशी ज्यांची इच्छा आहे, त्यांनी ते करणाऱ्या हातांच्या शिक्षणाकडे आधी पाहावे. ते हात अडाणी ठेवून माध्यम मुक्त करण्याची भाषा पोकळ ठरेल.