पिल्लू अंड्यात अडलं तर

खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली की आपण एकविसाव्या दिवसाची वाट पाहतो. कवचाला टोच पडते, आतून चिवचिव येते आणि आपले हात शिवशिवतात.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गटात तेच झालं. टोच पडून दोन तास होत नाहीत तोच आम्ही कवच सोललं. रक्त आलं, पिल्लू गेलं. ते अडलंच नव्हतं, घाई आमची होती.

टोच पडल्यावर बाहेर यायला पिल्लाला २४ तासही लागतात. तेवढ्यात पडद्यातलं रक्त आणि उरलेला बलक ते पोटात ओढून घेतं. म्हणून आधी थांबायचं. २४ तास उलटले, पडदा वाळून पिल्लाला चिकटला, तरच हात लावा. आपल्या वणीकडच्या कोरड्या उन्हाळ्यात असं होतं. कोमट पाण्याच्या बोटाने पडदा ओला करा, नाकात पाणी जाऊ देऊ नका. टोचीभोवतीचं कवच थोडं थोडं काढा. रक्ताची रेघ दिसली की लगेच थांबा.

बाहेर आलेलं पिल्लू वाळेपर्यंत उबेत ठेवा, कोंबडीखाली नाहीतर बल्ब लावलेल्या टोपलीत. पोटात बलक असतो, पहिल्या दिवशी दाण्याची घाई नको. मग तांदळाची कणी द्या. पाण्याच्या उथळ ताटलीत खडे टाका, म्हणजे पिल्लू बुडणार नाही. पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची लासोटा लस द्या. त्यासाठी पशुवैद्यकीय दवाखान्यात आधीच विचारून ठेवा.

यंदा आम्ही टोच दिसली की घड्याळ पाहतो. तुम्हीही पाहा.