दुखण्याची प्रयोगवही
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मागच्या मेळाव्याला मी आले नव्हते. "घरी काम आहे" असं कळवलं होतं. खरं कारण आज सांगते. त्या दिवसांत मला बोलायची, हसायची, चहाचा घोट घ्यायचीसुद्धा भीती वाटायची. उजव्या गालात विजेचा झटका बसावा तशी कळ यायची. काही सेकंदच टिकायची, पण हातातला घास हातातच राहायचा.

दाताचं असेल म्हणून दातांच्या डॉक्टरांकडे गेले. रूट कॅनाल झालं, मग एक दाढ काढली, मग शेजारची. कळ तिथंच. कान दाखवून झाला, सायनस झालं. वेदनाशामक गोळ्यांनी फरक पडेना. दोन वर्षं अशी गेली. शेवटी "टेन्शन घेऊ नका" असं ऐकलं. घरचेही तेच म्हणायला लागले, तेव्हा मात्र मी खचले.

आपल्या विज्ञानाच्या बाई आठवतात ना? निरीक्षणाच्या जागी अनुमान लिहिलं की प्रयोगवही परत यायची. एकदा लक्षात आलं, मी तेच करत होते. प्रत्येक डॉक्टरांना "दाढ दुखतेय" असं सांगत होते. ते माझं अनुमान होतं! मग आठ दिवस वहीत नुसतं निरीक्षण लिहिलं. कळ फक्त उजवीकडे. तोंड धुताना, दात घासताना, पंख्याचा वारा लागला की. मिनिटाच्या आत थांबते. मधल्या वेळात काहीच नाही.

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी ते पान वाचलं आणि म्हणाले, "हे दाताचं नाही, नसेचं दिसतंय." त्यांनी न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं. आजाराचं नाव निघालं ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या नसेवर बहुतेक वेळा एखाद्या रक्तवाहिनीचा दाब पडतो. साध्या वेदनाशामकांना ही कळ सहसा दाद देत नाही. फिट्सवर देतात ती कार्बामाझेपिन गोळी मात्र बहुतेकांना लागू पडते. दुसरं काही कारण नाही ना, हे बघायला एमआरआय केला. गोळीने झोप येते, चक्कर येते, रक्तातलं सोडियम तपासावं लागतं आणि अंगावर पुरळ उठलं तर लगेच कळवायचं, हे सगळं त्यांनी पहिल्याच दिवशी समजावलं. गोळ्यांनी भागलं नाही तर शस्त्रक्रियेचाही मार्ग आहे.

हे इथं सांगते, कारण हा आजार पन्नाशीनंतर जास्त दिसतो आणि बायकांमध्ये अधिक. आपण सगळे आता त्याच वयातले. दुखणं कुठलंही असो, दारावरच्या पाटीवर किती पदव्या आहेत ते मोजत बसू नका. डॉक्टर आपलं बोलणं पुरतं ऐकून घेतात का, दुसरं मत घेऊ का विचारल्यावर चिडत नाहीत ना, आपल्या आवाक्यातलं नसेल तर पुढे पाठवतात का, एवढं बघा. आणि न दुखणारा इलाज नाही म्हणून घाईने दात काढू देऊ नका. माझ्या दोन दाढा आता परत यायच्या नाहीत.

कळ पूर्ण गेलेली नाही. थंडीच्या दिवसांत अधूनमधून येते. आज बोलताना मी मध्येच थांबले असते, तर तुम्ही मिनिटभर थांबला असतात, एवढी खात्री होती. म्हणून आले.