‘जिझेल’: लग्नाआधी गेलेल्या मुलींचा नाच

28 जून 1841 रोजी पॅरिस ऑपेरात ‘जिझेल’ या बॅलेचा पहिला प्रयोग झाला. नायिका होती कार्लोटा ग्रिसी. त्याच दिवशी तिला बाविसावं वर्ष पूर्ण झालं होतं. पहिल्या अंकात खेड्यातल्या जिझेलला कळतं, की आपला प्रियकर वेश बदलून आलेला उमराव आहे आणि त्याचं लग्न दुसरीकडे ठरलंय. तिचं भान सुटतं आणि त्यातच ती मरते. दुसरा अंक जंगलात, तिच्या थडग्यापाशी घडतो.

तिथे राज्य विलींचं. लग्न ठरलेलं असताना मेलेल्या या मुली. कवी हाइनने लिहिलेली ही दंतकथा लेखक तेओफिल गोतियेला भुरळ घालून गेली आणि त्यातून हे कथानक उभं राहिलं. पिंपळावरच्या मुंजाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला यात परकं काही वाटायचं नाही. एक संस्कार राहून गेला, की जीव ना इथला, ना तिथला.

विली सूड घेतात तो नाचवून. रात्री जंगलात सापडलेल्या पुरुषाला त्या मरेपर्यंत थांबू देत नाहीत. या अंकातली एक जागा नीट बघावी. पांढऱ्या वेशातल्या मुली दोन्ही बाजूंनी रांगा करून येतात. एक पाय मागे लांबवलेला, दुसऱ्या पायावर छोट्या उड्या. रांगा एकमेकींना छेदून जातात. चेहरे कोरे, हात अजिबात हलत नाहीत. पण प्रेक्षागृहात पुढे बसलं तर पावलांचा धप्‌ धप्‌ आवाज स्पष्ट येतो. वजन नसलेल्या भुतांचं सगळं वजन त्या एका घोट्यावर असतं. या नृत्याची खरी ताकद इथे आहे.

वजन नसल्याचा हा आभास गॅसच्या दिव्यांमुळे अधिक खुलायचा, आणि त्याची किंमतही नर्तकीच मोजत. याच रंगमंचावर 1862 मध्ये दुसऱ्या एका कलाकृतीच्या तालमीत एमा लिव्री हिच्या झिरझिरीत घागऱ्याने पेट घेतला. काही महिने यातना सोसून ती 1863 मध्ये गेली, विशीतच.

पॅरिसने 1868 नंतर ‘जिझेल’ बाजूला टाकलं. ते जगलं रशियात, नृत्यदिग्दर्शक मारियस पेतिपाच्या हातून. पुढे प्रत्येक पिढीने त्या जंगलात आपापली हरवलेली माणसं आणली. स्वीडनच्या मॅट्स एकने 1982 मध्ये दुसरा अंक थेट वेड्यांच्या इस्पितळात नेला.

लंडनमधल्या बांगलादेशी कुटुंबात जन्मलेला, प्रताप पवारांकडे कथक शिकलेला अक्रम खान याने 2016 मध्ये इंग्लिश नॅशनल बॅलेसाठी केलेलं ‘जिझेल’ तर या काळाचंच आहे. त्याची जिझेल बंद पडलेल्या कापड कारखान्यातली स्थलांतरित कामगार. मधे प्रचंड भिंत, पलीकडे मालक. विली म्हणजे कारखान्यात मेलेल्या बायकांची भुतं, हातात काठ्या घेतलेली. मूळ जिझेलला एका प्रियकराने फसवलं होतं. या बायकांना एका व्यवस्थेने.

मूळ कथेत विली झालेली जिझेल स्वतः नाचत राहून, पहाटेची घंटा होईपर्यंत प्रियकर आल्ब्रेख्तला वाचवते. दक्षिण आफ्रिकेच्या डाडा मसिलोने 2017 मध्ये ही क्षमाच नाकारली. तिच्या विलींमध्ये पुरुषही आहेत, त्यांची राणी मिर्था तिथली पारंपरिक वैदू आहे आणि जिझेल चाबूक हाती घेऊन आल्ब्रेख्तला मारते. जुन्या रसिकांना हे कठोर वाटेल. पण फसवलेल्या मुलीकडून मेल्यावरही माफीची अपेक्षा का धरायची, हा मसिलोचा प्रश्न रास्तच आहे.