फसलेला ट्रॅक्टर



आपल्या नागपूरकडची काळी जमीन पावसात लोण्यासारखी मऊ होते. ट्रॅक्टर फसतो. चाक जागीच गरगर फिरते. मग काही जण चाकाला लाकूड बांधतात. आम्ही हात जोडून सांगतो, तसे करू नका. लाकूड अडले की चाक फिरत नाही. इंजिनाचा जोर ट्रॅक्टरचे तोंड वर उचलतो. ट्रॅक्टर मागे उलटतो. चालक खाली सापडतो. उडी मारायलाही वेळ मिळत नाही.

मग काय करावे? आधी औजार सोडा. चाकामागचा चिखल काढा. तिथे फळ्या टाका, बांधू नका. ट्रॅक्टर हळूच मागे घ्या.

रामटेक-मौद्याकडे धानाच्या बांधीत चिखलणीसाठी लोखंडी जाळीची चाके लावतात. ती चिखलात पकड धरतात. डांबरी रस्त्यावर मात्र ती आणू नका, रस्ता उखडतो.

फसलेला ट्रॅक्टर उद्याही निघेल. गेलेला माणूस परत येत नाही.