रात्री नऊनंतरचा ऑर्गन



गटाच्या बैठकीत कर्जाची मागणी आली की आम्ही आधी विचारतो, "कशासाठी?" शेळी, शिलाई मशीन, दवाखाना, पोरांची फी ही उत्तरं आम्हाला पाठ आहेत. गेल्या वर्षी मात्र आमच्या एक ताई म्हणाल्या, "पोरीला ऑर्गन शिकायचाय." सगळ्या एकमेकींकडे बघत राहिल्या.

आमचं गाव नगर जिल्ह्यातलं. गावात छोटं चर्च आहे. ताईंची मुलगी तिथं रविवारच्या उपासनेला पेटी वाजवते. मोबाईलवर तिनं पाइप ऑर्गन ऐकला आणि तिला त्याचा ध्यास लागला.

जुन्या संगीत नाटकांना साथ करायचा तो पायानं हवा भरायचा ऑर्गन आपल्या थोरल्यांना माहीत आहे. हा त्याहून वेगळा. पेटीत हवा पितळी पत्तीवरून जाते आणि सूर निघतो. पाइप ऑर्गनमध्ये हवा नळ्यांत शिरते आणि बहुतेक नळ्या शिट्टीसारख्या वाजतात. एका नळीचा एकच सूर, म्हणून मोठ्या ऑर्गनमध्ये हजारो नळ्या असतात. खर्जाच्या नळ्या १६ फूट, कधी त्याहूनही लांब. फिलिपिन्स देशात लास पिन्यास इथं १८२४ साली पूर्ण झालेला एक ऑर्गन आहे. त्याच्या १०३१ नळ्यांपैकी ९०२ बांबूच्या आहेत!

असं वाद्य घरात कसं येणार? येतं, कॉम्प्युटरमधून. खऱ्या चर्चमधल्या ऑर्गनची एकेक नळी वाजवून तिचा आवाज रेकॉर्ड करतात. सूर कसा सुरू होतो, कसा टिकतो, बोट उचलल्यावर चर्चच्या भिंतींत कसा घुमतो, हे सगळं त्यात असतं. आपण की-बोर्डची पट्टी दाबली की कोणती पट्टी दाबली एवढा निरोप वायरीतून कॉम्प्युटरला जातो आणि त्या नळीचा आवाज वाजतो. हाऊप्टवर्क नावाचं सॉफ्टवेअर विकत मिळतं. ग्रँडऑर्ग मात्र मोफत आहे, आणि त्यात चालणारे काही ऑर्गनही मोफत मिळतात.

मुलीच्या मामाचा जुना लॅपटॉप होता. कमी होता तो की-बोर्ड. त्यासाठी ताईंनी ६००० रुपये मागितले.

बैठकीत वाद झाला. "यातून उत्पन्न काय? हप्ता कुठून येणार?" हा प्रश्न रास्तच होता, पैसा सगळ्यांचा आहे. ताई म्हणाल्या, "दुधाच्या पैशातून मी फेडते." तरी कुजबुज थांबेना. मग आमच्या सगळ्यांत थोरल्या आजी बोलल्या, "पोराच्या वरातीत डीजे लावायला कर्ज दिलं, तेव्हा कुणी विचारलं होतं का उत्पन्न काय म्हणून?" कुणाकडेच उत्तर नव्हतं. कर्ज मंजूर झालं.

पुढं चूक आमचीच झाली. घाईत जुना की-बोर्ड आणला, आणि त्याला कॉम्प्युटरला जोडायची सोयच नव्हती! बदलून घेताना ५०० रुपये बुडाले. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते ५०० आम्ही सगळ्यांनी वाटून घेतले, कारण खरेदीला आम्हीच सोबत गेलो होतो.

म्हणून सांगतो, घेण्याआधी की-बोर्डच्या मागं मिडी किंवा यूएसबीची जागा आहे का ते बघा आणि दुकानातच जोडून दाखवायला सांगा. त्याही आधी मोफत सॉफ्टवेअर लॅपटॉपवर घालून बघा. मोठ्या ऑर्गनला मेमरी फार लागते, जुन्या लॅपटॉपवर लहानच घ्या. पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा आला तर बोटं चुकतात. बिनवायरीच्या हेडफोननं हा उशीर वाढतो, म्हणून वायरीचाच बरा. खऱ्या ऑर्गनला पायानं वाजवायच्या पट्ट्याही असतात. त्या महाग पडतात, त्यांच्यावाचून सुरुवात करता येते.

त्या घरात सासरे आजारी आहेत. पेटी काढली की त्यांची झोपमोड व्हायची, म्हणून पोरीचा सराव बंद पडला होता. आता रात्री नऊनंतर भांडी आवरून ती हेडफोन लावून बसते. घरात फक्त पट्ट्यांची टकटक ऐकू येते. पेटीवर एक हात भात्यात अडकतो, इथं दोन्ही हात मोकळे. सुरुवातीला डावा हात ऐकेना, आता ऐकतो.

नाताळला तिनं लॅपटॉप चर्चमध्ये नेला आणि स्पीकरला जोडला. आमच्या गटातल्या सगळ्या जणी, चर्चला जाणाऱ्या आणि न जाणाऱ्याही, मागच्या सतरंजीवर बसलो होतो. मध्येच वीज गेली, स्पीकर बंद पडला. पोरीनं शांतपणे पेटी ओढली आणि गीत पुरं केलं. तिच्या आईकडे बघवत नव्हतं, इतका आनंद होता.

शेवटचा हप्ता मागच्या महिन्यात आला, एकही चुकला नाही. त्याच बैठकीत आम्ही ठराव लिहिला: घरातल्या बाईला किंवा मुलीला काही शिकायचं असेल, तर त्यासाठीही कर्ज मागता येईल. परतफेडीचा नियम सगळ्यांना तोच.

मैत्रिणींनो, तुमच्या गटातही कुणीतरी अशी मागणी मनातच ठेवून बसली असेल. पुढच्या बैठकीत तिला एकदा विचारून बघा.